महासाथ आणि पर्यटनाधिष्ठित अर्थव्यवस्था : मालदीवचे उदाहरण

अर्थशास्त्राच्या परिभाषेत पर्यटनास ‘अदृश्य निर्यात’ हे नाव फार दिवसांपासून रूढ आहे. जहाजात माल चढत नाही, जकातीच्या नाक्यावर त्याची नोंद होत नाही, तरीही परकीय चलन देशात येते. म्हणून ती निर्यात, आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून अदृश्य. हिशेबाच्या दृष्टीने ही संज्ञा सोयीची आहे, ह्यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. मालाच्या निर्यातीत वस्तू गिऱ्हाइकाकडे जाते. पर्यटनात गिऱ्हाईकच वस्तूकडे येते, आणि ते देहाने येते. साथीच्या रोगाचा प्रतिबंध म्हणजे प्रामुख्याने देहांच्या हालचालीचा प्रतिबंध. तेव्हा २०२० सालच्या कोविड महासाथीत ज्या देशांची उपजीविका पर्यटनावर होती, त्यांच्यावर इतरांपेक्षा निराळ्या प्रकारचे संकट यावे, हे त्या व्यवसायाच्या स्वरूपातच होते. ह्या संकटाची घडण कशी होती आणि ते ओसरल्यावर मागे काय उरले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात मालदीवच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

१. अवलंबित्वाचे स्वरूप

हिंदी महासागरात दक्षिणोत्तर पसरलेली सुमारे बाराशे प्रवाळबेटे म्हणजे मालदीव. कंकणाकृती प्रवाळद्वीपांना जगभर रूढ झालेली ‘अटॉल’ ही संज्ञा येथील दिवेही भाषेतून गेलेली आहे. दिवेही ही सिंहलीची निकटची भगिनी. अर्थात मराठीप्रमाणेच ती भारतीय-आर्य कुलातील होय. बेटांची माती वालुकामय व उथळ. धान्य, इंधन, औषधे, बांधकामाचे साहित्य असे जवळजवळ सर्व काही बाहेरून आणावे लागते, आणि त्याची किंमत चुकविण्यासाठी शतकानुशतके प्रामुख्याने टूना मासळी हाताशी होती.

१९७२ साली कुरुंबा आणि बंडोस ह्या दोन बेटांवर पर्यटकांसाठी पहिली निवासस्थाने उघडली. निर्जन बेट एकाच व्यावसायिकाकडे भाडेपट्ट्याने द्यावे आणि त्यावर एकच रिसॉर्ट असावे, ही पद्धती पुढे स्थिरावली. २०१९ साली १७ लक्षांहून अधिक पर्यटक तेथे आले. २०२२ च्या जनगणनेनुसार परदेशी रहिवासी धरूनही देशाची लोकसंख्या ५ लक्ष १५ हजार आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे प्रमाण कळते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एकचतुर्थांश भाग प्रत्यक्ष पर्यटनातून येतो. त्यावर चालणारी वाहतूक, बांधकाम व व्यापार ही क्षेत्रे जमेस धरल्यास हा वाटा निम्म्याहून पुढे जातो. सरकारची मिळकतही तेथूनच येते. पर्यटनावरील वस्तु-सेवा कर, पर्यटकामागे दररोज आकारला जाणारा हरित कर, बेटांचे भाडे, विमानतळावरील शुल्क ह्या साऱ्यांचा उगम एकच.

ह्यावरून असे दिसून येईल की, येथे पर्यटन हा अनेक व्यवसायांपैकी एक व्यवसाय नाही. लोकांचा रोजगार, सरकारचा महसूल आणि देशाचे परकीय चलन ह्या तिन्ही गोष्टी एकाच दाराने आत येतात. दार बंद झाले की तिन्ही एकाच वेळी थांबतात.

२. दार बंद झाले तेव्हा

मालदीवमध्ये कोविडचे पहिले रुग्ण ७ मार्च २०२० रोजी एका रिसॉर्टवर आढळले. १२ मार्चला सार्वजनिक आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर झाली आणि २७ मार्चपासून विमानतळावर मिळणारा प्रवेश-परवाना स्थगित करण्यात आला. १५ जुलैपर्यंत, म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक काळ, पर्यटकांचे आगमन जवळजवळ शून्य होते. वर्षअखेर आगमनांची एकूण संख्या सुमारे साडेपाच लक्ष भरली. पण त्यातील पावणेचार लक्षांहून अधिक पर्यटक पहिल्या तीन महिन्यांतच येऊन गेले होते. राष्ट्रीय उत्पन्न त्या एका वर्षात सुमारे एकतृतीयांशाने घटले. भारतासारख्या विस्तृत आणि बहुविध अर्थव्यवस्थेतही टाळेबंदीमुळे २०२०–२१ मध्ये घट झाली. ती शेकडा सहाच्या आसपास होती.

ह्या घसरणीची तुलना त्याच देशावरील पूर्वीच्या आपत्तीशी करणे उद्बोधक ठरते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने मालदीवमध्ये घरे, बंदरे व रिसॉर्ट्‌स उद्ध्वस्त केली, माणसे दगावली. २००४ साली ६ लक्ष १६ हजार असलेली पर्यटकसंख्या २००५ साली ३ लक्ष ९५ हजारांवर आली आणि राष्ट्रीय उत्पन्न सुमारे शेकडा १३ ने घटले. २०२० साली ह्याच्या उलट एकही धक्का मोडला नाही, एकही खोली पडली नाही, समुद्र होता तसाच होता. उत्पादनाची साधने सर्वस्वी शाबूत असता उत्पन्नाची हानी मात्र त्सुनामीच्या अडीचपट झाली.

ह्या विसंगतीचे उत्तर आरंभी सांगितलेल्या भेदात आहे. त्सुनामीने मालाची हानी केली. महासाथीने माल आणि गिऱ्हाईक ह्यांची भेटच बंद केली. शिवाय पर्यटनाचा माल साठविता येत नाही. विकली न गेलेली मासळी खारवून किंवा डबाबंद करून ठेवता येते, कापड गोदामात राहू शकते. परंतु एप्रिल महिन्यातील रिकामी खोली ऑगस्टमध्ये दोनदा विकता येत नाही. ती रात्र गेली ती कायमचीच.

३. भार कोणावर पडला

राष्ट्रीय उत्पन्नातील घट हा सरासरीचा आकडा होय, आणि सरासरी भाराची वाटणी सांगत नाही. रिसॉर्टवरील कामगारांत मालदीवचे नागरिक आणि परदेशी असे दोन्ही वर्ग असतात. अनेकांना बिनपगारी रजेवर जावे लागले किंवा त्यांचे वेतन कापले गेले. रोजगार गमावलेल्या नागरिकांसाठी सरकारने दरमहा कमाल ५००० रुफिया साहाय्याची योजना आखली; स्थलांतरित कामगारांस मात्र हा आधार नव्हता. जनगणनेतील सुमारे १ लक्ष ३२ हजार परदेशीयांत बांगलादेशी मजुरांचा भरणा सर्वांत मोठा आहे. त्यांतील अनेक जण राजधानी मालेत दाटीवाटीच्या खोल्यांतून राहतात. एप्रिल २०२० मध्ये मालेत साथ शिरली व टाळेबंदी झाली, तेव्हा काम गेले आणि अंतर राखण्यास जागाही नाही, अशा दुहेरी कोंडीत हा वर्ग सापडला. भारतीय कामगारांपैकी ६९८ जणांची पहिली तुकडी ‘जलाश्व’ ह्या नौदलाच्या जहाजाने मे २०२० मध्ये कोचीस परत आणली गेली.

व्यावसायिकांतही भार समान नव्हता. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर स्थानिक लोकांनी लहान अतिथिगृहे काढली होती, आणि पर्यटनाचा पैसा सामान्य घरांत थेट पोहोचण्याची ती पहिलीच वाट होती. सीमा उघडताना स्वतंत्र बेटांवरील रिसॉर्ट्‌सना १५ जुलैपासून परवानगी मिळाली. वस्तीतील अतिथिगृहांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम समर्थनीय होता, कारण चहूकडून पाण्याने वेढलेले रिसॉर्ट हे आपोआपच विलगीकरणाचे स्थान ठरते. तथापि परिणाम असा झाला की, मोठे भांडवल आधी सावरले आणि लहान कर्जदार तीन महिने मागे राहिला.

४. पुनरागमन

ज्या कारणाने घसरण तीव्र झाली, त्याच कारणाने सुधारणाही जलद झाली. साधने शाबूत असल्याने गिऱ्हाईक परतताच व्यवहार सुरू झाला. इतर अनेक पर्यटनस्थळे बंद असताना मालदीव उघडे होते, आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही जुनी पद्धती एकाएकी सुरक्षिततेची हमी ठरली. ऑगस्ट २०२० मध्ये भारताशी मर्यादित विमानसेवेचा करार झाला; मुंबईहून मालेस जाणाऱ्यांत चित्रपटसृष्टीतील नामांकित मंडळी होती व त्यांची छायाचित्रे मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांनाही परिचित झाली. २०१९ साली चीन अग्रस्थानी होता; २०२० पासून २०२३ पर्यंत ते स्थान भारताकडे आले. मात्र दुसऱ्या लाटेच्या वेळी, मे ते जुलै २०२१ ह्या दोन महिन्यांत, दक्षिण आशियातील पर्यटकांना प्रवेश बंद करावा लागला. बाजारपेठ बदलली तरी तिची अनिश्चितता गेली नाही, हा त्याचा अर्थ. एकूण आगमने २०२१ मध्ये १३ लक्षांवर, २०२३ मध्ये सुमारे पावणेएकोणीस लक्षांवर गेली आणि २०२४ मध्ये त्यांनी २० लक्षांचा टप्पा ओलांडला.

५. प्रवाह आणि साठा

एवढ्यावरून संकट संपले असे म्हणावयास हरकत नसावी, असे वाटेल. परंतु अर्थशास्त्रात प्रवाह आणि साठा ह्यांत भेद करतात. पर्यटकांचे आगमन, महसूल, वेतन हे प्रवाह आहेत. ऋण हा साठा आहे. २०२० साली प्रवाह आटला, पण राज्याचा खर्च आटू शकत नव्हता. रुग्णालये चालवावयाची होती, वेतने द्यावयाची होती, धान्य आणावयाचे होते. अर्थसंकल्पातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक झाली. सरकारी खर्चास शिस्त लावणाऱ्या कायद्यातील काही कलमे स्थगित करून मध्यवर्ती बँकेकडून उचल घेण्यात आली. भारताकडून चलन-अदलाबदलीच्या व्यवस्थेखाली आणि रोख्यांच्या रूपाने साहाय्य मिळाले. सार्वजनिक ऋण राष्ट्रीय उत्पन्नाहून बरेच अधिक झाले. सर्वच ऋण महासाथीचे नव्हे, हे सांगणे न्यायाचे होईल. २०१८ मध्ये खुला झालेला सिनामाले पूल, विमानतळाचा विस्तार, गृहनिर्माण ह्यांसाठी त्यापूर्वीच मोठी कर्जे उभारलेली होती. महासाथीने त्यांवर भर घातली आणि ती फेडण्याचा अवधी हिरावून घेतला.

येथेच ‘निर्यात’ ह्या शब्दाची दुसरी मर्यादा दिसून येते. निर्यात झाली म्हणजे परकीय चलन देशात आले, असे आपण गृहीत धरतो. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या मिळकतीचा मोठा भाग आयात केलेले अन्न, परदेशी व्यवस्थापन, परदेशी वेतने व कर्जफेड ह्यांसाठी पुन्हा बाहेर जातो, किंवा देशातील बँकांपर्यंत पोहोचतच नाही. रुफियाचा दर डॉलरशी बांधलेला असल्याने तो टिकविण्यास डॉलरचा साठा आवश्यक असतो. म्हणूनच २०२४ साल विशेष अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी पर्यटकसंख्येचा उच्चांक झाला आणि त्याच वर्षी परकीय चलनाची गंगाजळी धोक्याच्या पातळीपर्यंत खालावली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ४० कोटी डॉलर व ३००० कोटी रुपये एवढ्या चलन-अदलाबदलीची व्यवस्था करून दिली. त्याच सुमारास पर्यटन-व्यावसायिकांनी आपल्या परकीय चलनाचा ठरावीक भाग देशातील बँकांत बदलून घ्यावा, असे बंधन आले.

गोव्याशी तुलना केल्यास ह्या मुद्द्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. २०२० मध्ये गोव्यातील हॉटेले, शॅक व भाड्याची वाहने ह्यांवर जगणारी कुटुंबेही अशीच संकटात सापडली. परंतु गोव्याचे स्वतःचे चलन नाही, त्याला हुंडणावळीचा दर सांभाळावा लागत नाही, आणि केंद्रीय करांतील वाटा पर्यटक आले नाहीत तरी मिळतो. तेथील हानी घरांची व धंद्यांची राहिली. ती चलनाचे संकट झाली नाही. लहान सार्वभौम राष्ट्रास हे छत्र उपलब्ध नसते.

तात्पर्य, पर्यटनावर विसंबलेल्या देशात महासाथीचा परिणाम दोन वेगवेगळ्या कालमानांनी घडतो. उत्पन्नाचा प्रवाह महिन्यांत आटतो आणि वर्षा-दोन वर्षांत पूर्ववत होतो. आटलेल्या काळात केलेले ऋण मात्र पुढील अनेक वर्षे फेडावे लागते, आणि तेही परकीय चलनात. म्हणून अशा देशाची प्रकृती सुधारली किंवा कसे, हे ठरविताना विमानतळावर उतरणाऱ्यांची गणती पुरेशी नाही. त्यांनी खर्चिलेल्या डॉलरपैकी किती देशात राहिले, आणि पुढचे दार बंद होण्यापूर्वी किती ऋण फिटले, हे दोन आकडे त्या गणतीशेजारी मांडल्याविना कोणताही अभ्यास पूर्ण होणार नाही.