मळणीयंत्राचा अपघात : दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची ?

पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरून मळणी होत असे. त्या कामास दिवसच्या दिवस लागत. पण त्यात कोणाचा हात तुटत नसे. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्राने तेच काम काही तासांवर आणले आणि त्याबरोबर खळ्यावर एक नवा धोकाही आणला. पेंढी आत सारताना हात फिरत्या ड्रमात ओढला जातो, किंवा धोतराचा सोगा अथवा साडीचा पदर पट्ट्यात सापडतो. असा प्रसंग घडला म्हणजे 'मजुराचे लक्ष नव्हते' किंवा 'नशिबाचा भोग' असे म्हणून प्रकरण मिटविले जाते. परंतु दोषाचा असा निवाडा करण्यापूर्वी यंत्र कसे होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

निर्मात्याची जबाबदारी

मळणीयंत्राच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानके ठरलेली आहेत. त्यांनुसार पीक आत सारण्याचे पन्हाळे निदान ९० सेंटिमीटर लांब असावे व त्यापैकी ड्रमाकडील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. या मापामागील हेतू साधा आहे : काम करणाऱ्याचा हात चुकला तरी तो ड्रमापर्यंत पोचू नये. रात्रपाळीत माणूस दमणार, त्याला डुलकी लागणार, हे गृहीत धरूनच यंत्र घडविले पाहिजे.

याच विचाराने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. मळणीयंत्र त्याच्या कक्षेत प्रथमपासून आहे, आणि यंत्र चालविताना मजूर जखमी झाल्यास वा दगावल्यास भरपाई मिळावी, हा त्याचा एक उद्देश होय.

पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली अमलात आला. यंत्राच्या रचनेत किंवा बांधणीत दोष असेल, अथवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर त्यामुळे झालेल्या इजेबद्दल या कायद्याने निर्मात्यास जबाबदार धरले आहे. यंत्र विकत घेणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने ते वापरणाराही तक्रार करू शकतो. म्हणून आखूड व उघड्या पन्हाळ्याचे यंत्र विकणारा निर्माता, केवळ 'मजूर बेसावध होता' असे म्हणून सुटत नाही.

मालकाची व मजुराची जबाबदारी

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पीक भराभर आत जावे म्हणून काही मालक पन्हाळे कापून आखूड करतात, किंवा पट्ट्यावरील जाळी काढून ठेवतात. मूळ यंत्रात असा बदल केला असेल किंवा यंत्राचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा लावता येत नाही, आणि निर्मात्याचा दोष सिद्ध करणेही कठीण होते. अशा वेळी ज्याने जाळी काढली व मजुरास त्या यंत्रावर उभे केले, त्या मालकाकडेच प्रथम पाहावे लागते.

उघड दिसणाऱ्या धोक्याची सूचना दिली नाही, एवढ्यावरून निर्मात्यास दोषी धरता येत नाही. मद्यपान करून यंत्रावर काम करणाऱ्याचा सूचनेच्या अभावाबद्दलचा दावाही टिकत नाही. सैल कपडे न घालणे व चालू यंत्रात हात न घालणे ही दक्षता ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.

अपघातानंतर काय करावे ?

जखमीस तत्काळ दवाखान्यात पोचविल्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात :

१. यंत्र आहे त्या स्थितीत ठेवावे. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून मळणी पुन्हा सुरू केल्यास पुरावा नाहीसा होतो.
२. पोलिसांकडून पंचनामा करवून घ्यावा. पन्हाळ्याची लांबी व झाकलेला भाग मोजून नोंदवावा आणि छायाचित्रे घ्यावीत.
३. खरेदीची पावती, माहितीपुस्तिका व यंत्रावरील निर्मात्याच्या नावाची पट्टी जपून ठेवावी.
४. दवाखान्याची सर्व कागदपत्रे एकत्र ठेवावीत.
५. ग्राहक आयोगाकडील तक्रार २ वर्षांच्या आत करावी. ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते.

शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपयांचे साहाय्य आहे. परंतु ही योजना सात-बारावरील खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजुरास तिचा आधार नाही. त्याच्यासाठी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच अधिक मोलाचा ठरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील प्रत्येक मळणीयंत्राचे पन्हाळे एकदा मोजून पाहावे. नवे यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्यानेही किमतीची घासाघीस करण्याआधी हेच माप घ्यावे. भरपाईच्या रकमेने गेलेला हात परत येत नाही. तो वाचविण्यास मात्र मोजपट्टी पुरेशी असते.