अपाचे : आधीच उभा असलेला ताफा

१९९४ च्या मध्यात रॉब मॅकूल यांनी इलिनॉय विद्यापीठातलं सुपरकंप्युटिंग केंद्र सोडलं आणि त्यांनी लिहिलेला एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर पोरका झाला. तो वापरणारे वेबमास्टर आपापल्या जागी त्यात दुरुस्त्या करत राहिले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांच्यातल्या आठ जणांनी या दुरुस्त्या एकत्र आणायला घेतल्या, तिथून अपाचे सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत रॉबर्ट थाऊ यांनी त्याची सगळी बांधणी नव्याने केली. वर्षभराच्या आत तो जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला.

जुन्या पद्धतीत विनंती आली की सर्व्हर स्वतःची एक प्रत काढी. ती प्रत पान पाठवी आणि संपून जाई. प्रत काढणं महाग, आणि गर्दीच्या वेळी तोच खर्च मुख्य होऊन बसे. थाऊंच्या रचनेत या प्रती, म्हणजे प्रोसेस, आधीच तयार ठेवल्या जातात. काम संपलं की त्या पुढच्या विनंतीसाठी थांबतात. याला प्रीफोर्क म्हणतात. वरची मूळ प्रोसेस विनंत्यांना हात लावत नाही, फक्त किती जण रिकामे आहेत ते पाहते. रिकामे पाचाहून कमी झाले की ती एक नवी प्रोसेस काढते, तरी पुरेना तर पुढच्या सेकंदाला दोन, मग चार, असं वाढत सेकंदाला ३२ पर्यंत. रिकामे दहाच्या वर गेले की जास्तीचे बंद करते. हा नियम मला फार देखणा वाटतो. क्षणभराच्या गर्दीने तो बिथरत नाही, आणि खरी गर्दी आली तर काही सेकंदांत तिला गाठतो.

प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, त्यामुळे एक कोसळली तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं. पण हीच गोष्ट महाग पडते. पीएचपी पोटात घेतलेली एक प्रोसेस समजा ४० एमबी खात असेल आणि सर्व्हरसाठी ४ जीबी मोकळे असतील, तर शंभराच्या आसपास प्रोसेस मावतात. प्रीफोर्कची मूळ मर्यादा मात्र २५६ ची आहे. मेमरी संपली की मशीन डिस्कवर स्वॅप करू लागतं, पानं रेंगाळतात, लोक पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात आणि गर्दी आणखी वाढते. शंभर जणांना वेळेत उत्तर देऊन उरलेल्यांना रांगेत थांबवणारा सर्व्हर सगळ्यांना आत घेणाऱ्यापेक्षा जास्त लोकांचं काम करतो.

२००२ मध्ये अपाचे २.० आला आणि पूलची, म्हणजे तयार प्रोसेसच्या ताफ्याची, पद्धत निवडता येऊ लागली. ‘वर्कर’ या पद्धतीत एका प्रोसेसमध्ये २५ थ्रेड, म्हणजे एकेक विनंती हाताळणारे कामकरी, असतात. अशा १६ प्रोसेस, म्हणजे एका वेळी ४०० विनंत्या, तेही बऱ्याच कमी मेमरीत. थ्रेड मेमरी वाटून घेतात, त्यामुळे एकाची चूक इतर चोवीस जणांना भोवते, पण बाकीच्या प्रोसेस सुरक्षित राहतात. पीएचपीसोबतच्या अनेक लायब्ररी थ्रेडमध्ये भरवशाच्या नव्हत्या, म्हणून कितीतरी साइट पुढे अनेक वर्षं प्रीफोर्कवरच राहिल्या.

खरी अडचण वेगळीच होती. पान मिळाल्यावरही ब्राउझर जोडणी उघडी ठेवतो, आणि पूर्वी अपाचेचा एक कामकरी त्या जोडणीपाशी १५ सेकंदांपर्यंत नुसता बसून राही. पुढे ही मुदत ५ सेकंदांवर आली, तरी नासाडी चालूच होती. २००४ मध्ये इगोर सिसोएव यांचा एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आला. त्यात मोजक्या प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात. अपाचेने पूल मोडला नाही. ‘इव्हेंट’ पद्धतीत निवांत जोडण्या एका वेगळ्या थ्रेडकडे सोपवल्या, आणि काम आलं तरच कामकऱ्याला हाक जाऊ लागली. २००५ च्या अखेरीस ही पद्धत प्रयोग म्हणून आली, २०१२ मध्ये २.४ सोबत पक्की झाली. अपाचेत तिच्याहून मोठी सुधारणा झालेली नाही, असं माझं मत आहे.

तुमच्या हाती एखादा सर्व्हर असेल, तर त्यातला मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सचा, म्हणजे एका वेळच्या विनंत्यांच्या मर्यादेचा, आकडा आजच पाहा. सेकंदाला ५० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला सरासरी ०.२ सेकंद लागत असेल, तर एका वेळी सरासरी दहाच कामकरी गुंतलेले असतात. हे दोन आकडे मोजा, गर्दीच्या वेळेचेही मोजा, एका प्रोसेसची मेमरी पाहा आणि मगच मर्यादा ठरवा. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ती उतरवून घेऊ नका.