पस्तीस तासांचा दाब

एक पलंग, त्याखाली हवेचा पंप, पायांना नि नितंबांना गुंडाळायचे रुंद पट्टे आणि छातीला चिकटवलेल्या ईसीजीच्या तारा, एवढाच छातीच्या दुखण्यावरच्या ईईसीपी (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन) या यंत्राचा पसारा. हृदय आकुंचन पावून अंगभर रक्त ढकलते आणि मग क्षणभर सैल पडते. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः या सैल पडण्याच्या काळात. ईसीजीवरून यंत्र तोच क्षण पकडते. आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग नितंब असे पट्टे खालून वर फुगत जातात, पायांतले रक्त महाधमनीकडे लोटले जाते आणि हृदयाच्या धमन्यांच्या मुखाशी दाब वाढतो. पुढचा ठोका पडायच्या आत सगळे पट्टे एकदम सुटतात, म्हणून रक्त पुढे ढकलायला हृदयाला जोरही कमी लागतो. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, म्हणजे ३५ तास. चिरफाड नाही, भूल नाही. मूळ कल्पना अमेरिकेतली, १९५०च्या दशकातली. क्रमाने फुगणाऱ्या पट्ट्यांचे आजचे रूप मात्र चीनमधल्या ग्वांगझूच्या झेंग झेनशेंग यांच्या कामातून घडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये अशा यंत्राला परवानगी दिली.

नाशिकसारख्या शहरांत हे यंत्र लोकांना कळते ते बहुधा ‘विनाऑपरेशन बायपास’ अशा जाहिरातींमधून. या यंत्राचे सर्वांत मोठे नुकसान त्याच दोन शब्दांनी केले आहे. बायपासमध्ये अडलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट शिवली जाते. ईईसीपीने ब्लॉकेज विरघळत नाही आणि आयुष्य वाढते असेही कोणी सिद्ध केलेले नाही. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेला रुग्ण जाहिरातीला भुलून शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिला, तर ते जिवावर बेतू शकते. या यंत्राचा खरा हक्कदार वेगळाच आहे. त्याची बायपास झालेली असते, स्टेंट पडलेले असतात, औषधांचे डोस वाढवून झालेले असतात, आता धमन्या इतक्या बारीक आणि इतक्या ठिकाणी अडलेल्या असतात की सर्जन हात लावायला तयार नसतो. तरी जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे होतेच आणि जिभेखाली गोळी धरावी लागते. असे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले आणि कशालाच दाद देईना, तर हृदयरोगशास्त्र त्याला वेगळ्या गटात मोजते. त्या गटासाठी, आणि केवळ वेदना कमी करणारा उपचार म्हणून, या यंत्राला सार्वजनिक रुग्णालयात जागा मिळावी, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा किती? भक्कम म्हणता येणार नाही, पण पोकळही नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १३९ रुग्ण होते. काहींच्या पट्ट्यांत पूर्ण दाब भरला, काहींच्या पट्ट्यांत पाऱ्याच्या ७५ मिलिमीटर एवढाच, म्हणजे नावापुरता. पूर्ण दाब मिळालेल्यांचे छातीत दुखण्याचे प्रसंग कमी झाले आणि ट्रेडमिलवर ईसीजी बिघडायला अधिक वेळ लागू लागला. पण एकूण चालण्याचा वेळ दोन्ही गटांत वाढला आणि त्यांच्यात लक्षणीय फरक उरला नाही. पाय दुखणे, कातडी सोलवटणे असे त्रासही पूर्ण दाबाच्या गटात जास्त. पुढे २०१० मध्ये ४२ रुग्णांच्या एका अभ्यासात हातापायांच्या धमन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारलेली दिसली. पट्टे सोडल्यावरही आराम महिनोन्महिने का टिकतो, याचा धागा कदाचित तिथे आहे: वाढलेल्या प्रवाहाच्या घर्षणाने धमनीचे अस्तर जागे होते, व्यायामाने होते तसे. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत याची शिफारस ‘विचार करता येईल’ इतक्याच जोराने केली आहे. एवढ्या पुराव्यावर मीही त्यापलीकडे गेलो नसतो.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप असा की हा सगळा मनाचा खेळ आहे. तो झटकून टाकण्याजोगा नाही, कारण छातीच्या या दुखण्याचा इतिहासच तसा आहे. १९५०च्या दशकात छातीतली एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया गाजत होती. १९५९ मध्ये काही रुग्णांना फक्त कातडीवर चीर देऊन तिची परीक्षा घेतली, तर त्यांनाही तितकाच आराम पडला. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना स्टेंट घातला, उरलेल्यांना घातल्याचा देखावा केला. चालण्याच्या वेळेत ठोस फरक निघाला नाही. २०२३ च्या दुसऱ्या ‘ऑर्बिटा’ने, वेदनेची बहुतेक औषधे थांबवून, स्टेंटचा खरा फायदा दाखवला, पण तोही सर्वांना नव्हे. ईईसीपीच्या बाबतीत तर खोटा उपचार बेमालूम करणेच कठीण, कारण पूर्ण दाबाचा धक्का अंगाला कळतोच. म्हणजे दिसणाऱ्या आरामातला काही हिस्सा नक्की विश्वासाचा, रोज कोणीतरी तासभर लक्ष देण्याचा. पण जिथे दुसरी वाट उरलेली नाही, धोका थोडा आहे आणि मोजायची वस्तू वेदनाच आहे, तिथे एवढ्यावरून दार बंद करणे मला पटत नाही. या आक्षेपातून निघते ती गोष्ट वेगळी: आधी स्वस्त उपाय करून पाहावेत. देखरेखीखालचा व्यायाम, दुखण्याची भीती कमी करणारे समुपदेशन, औषधांची नीट फेरजुळणी. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये अशाच दाद न देणाऱ्या दुखण्यासाठी असलेल्या केंद्राने याच वाटेने काम केले.

नाशिकच्या शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविकाराचे रुग्ण साऱ्या उत्तर महाराष्ट्रातून येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे बायपास आणि अँजिओप्लास्टी गरिबाच्या आवाक्यात आली, हे या योजनेचे मोठे काम. पण त्याचाच पुढचा भाग असा की बायपास होऊन दहा-पंधरा वर्षे झालेले, पुन्हा दुखू लागलेले रुग्णही वाढणार. त्यांच्यासाठी यंत्र घेण्यावर खर्चाचा आक्षेप येईल, तरी मला अडचण दिसते ती अंतराची. सुरगाण्याहून किंवा मालेगावहून सात आठवडे रोज एसटीने येणे ज्याला जिना चढवत नाही त्याला झेपणार कसे? १९९९ च्या चाचणीत दिवसाला दोन सत्रे घेऊन चार आठवड्यांत उपचार संपवण्याची मुभा होती. तसे करायचे तर रुग्णाला राहायला खाट आणि सोबतच्या माणसाला जेवण हवे, आणि रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीशेजारी तीही ओळ हवी. शिवाय गाळणी कडक हवी: महाधमनीची झडप गळत असेल, महाधमनीला फुगा असेल, पायाच्या शिरेत गुठळी असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर या पलंगावर झोपवायचे नाही. ही तपासणी यंत्र विकणाऱ्याने करायची नसते. अँजिओग्राफी पाहून ‘आता शस्त्रक्रिया शक्य नाही’ असे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन या दोघांनी लिहून द्यावे, आणि आठवड्याला जिभेखालच्या किती गोळ्या लागतात हे पहिल्या सत्राआधी आणि शेवटच्या सत्रानंतर सहा महिन्यांनी केसपेपरवर नोंदवावे.