फॉरवर्ड करण्याआधी पंजा वाचा!

सकाळी सकाळी ग्रुपवर फोटो येऊन पडतो. वरठीजवळच्या कुठल्याशा बांधीतला चिखल, त्यात पाऊलठसा आणि खाली मेसेज: ‘बिबट आला, सावध राहा!’ तुम्ही काय करता? थेट फॉरवर्ड?

जरा थांबा. आधी घरातल्या मांजरीचा पंजा हातात घ्या (तिनं घेऊ दिला तर!). पुढच्या पायांना पाच-पाच बोटं, मागच्यांना चार-चार, एकूण १८. पण पुढचं पाचवं बोट अंगठ्यासारखं वरच राहतं, जमिनीला टेकत नाही. म्हणून ठशात बोटं चारच. बिबट्या आणि वाघाचंही गणित हेच.

आता नखं. मांजर नखं आत ओढून घेते, असं आपल्याला वाटतं. खरं तर उलटं आहे. लवचीक अस्थिबंध नखं आपसूक आतच धरून ठेवतो. बाहेर काढायला स्नायूंचा जोर लावावा लागतो. त्यामुळे चालताना ती झिजत नाहीत आणि ठशातही सहसा दिसत नाहीत. कुत्र्याची मात्र दिसतात.

पण निसरड्या चिखलात बिबट्याही नखं रोवतो. म्हणून नखांवरच निकाल देऊ नका, तळव्याची गादी बघा. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. शिवाय मधल्या दोन बोटांपैकी एक किंचित पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं. कुत्र्याची ती दोन्ही जवळपास एका रेषेत असतात.

आकार? घरच्या मांजरीचा ठसा साधारण ३ सेंटीमीटर, बिबट्याचा ७-८, तर मोठ्या वाघाचा १२ च्या पुढे. पण ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि मोठा वाटतो, हेही लक्षात ठेवा.

ठशांनी भलेभले फसलेत. पूर्वी देशात वाघ मोजायचे ते ठशांवरूनच. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं. कागदावर मात्र ते होते. त्यानंतर ही पद्धत मागे पडली आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखणारे कॅमेरे आले.

आपल्या जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे, त्यामुळे बिबट्या येणं अशक्य नाही. मग संशय आला तर? ठशाशेजारी पेन ठेवून सरळ वरून फोटो काढा. माग काढत एकटे जाऊ नका, गर्दीही जमवू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. अफवेनं आधी घबराट पसरते, मग काठ्या घेऊन जमाव निघतो. त्यात माणूसही जखमी होतो आणि प्राणीही. दोघांनाही वाचवायला कधी कधी दोन मिनिटं नीट बघणं पुरतं.