ध्रुवीय वारा : आयनांच्या ऊर्ध्वगमनाची कारणमीमांसा

प्रस्तावना

पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशांवरील उच्च वातावरणातून विद्युतभारित कणांचा प्रवाह सातत्याने अवकाशाकडे वाहत असतो. १९६८ मध्ये ॲक्सफर्ड यांनी त्यास 'ध्रुवीय वारा' असे संबोधले. या प्रवाहातील हायड्रोजनचे आयन थंड असूनही स्वनातीत वेगाने वर जातात. गुरुत्वाकर्षणावर मात करणारे हे बल कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्युत क्षेत्राची निर्मिती

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे आयनांबरात अणूंपासून इलेक्ट्रॉन विलग होतात. ऑक्सिजनच्या आयनापेक्षा इलेक्ट्रॉन सुमारे २९ हजार पट हलका असल्याने तो सहज वर जाऊ पाहतो. परंतु विरुद्ध भार किंचित दूर होताच त्यांच्यामध्ये विद्युत क्षेत्र निर्माण होते. ते इलेक्ट्रॉनांना खाली आणि आयनांना वर ओढते. ध्रुवांवरील चुंबकीय बलरेषा अवकाशात दूरवर खुल्या असल्याने तेथे आयनांची वाट मोकळी राहते.

या क्षेत्राची तीव्रता मुख्यतः ऑक्सिजनचे आयन ठरवितात. इलेक्ट्रॉन व आयन यांचे तापमान समान असल्यास हे क्षेत्र ऑक्सिजनच्या आयनाचे निम्मे वजन पेलते. हायड्रोजनच्या आयनाचा भार तेवढाच, वस्तुमान मात्र सोळावा हिस्सा. म्हणून तेच बल त्याच्या वजनाच्या ८ पट ठरते. इलेक्ट्रॉन अधिक तप्त असल्यास हे प्रमाण आणखी वाढते.

प्रत्यक्ष मापन

११ मे २०२२ रोजी स्वालबार्डमधील न्यू-आलेसुंड येथून नासाचे 'एन्ड्युरन्स' रॉकेट सोडण्यात आले. कॉलिन्सन व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार २४८ ते ७६८ किलोमीटर उंचीदरम्यानचे विभवांतर अवघे ०.५५ व्होल्ट आढळले. तरीही हायड्रोजनच्या आयनावरील ऊर्ध्व बल त्याच्या वजनाच्या १०.६ पट भरते. ऑक्सिजनचे आयन केवळ या बलाने निसटत नाहीत. मात्र त्यांची घनता ज्या प्रमाण-उंचीने घटते, ती ७७ वरून २०८ किलोमीटरपर्यंत वाढते. अशा रीतीने वर आलेल्या आयनांना तरंगांसारख्या अन्य स्रोतांकडून ऊर्जा मिळाल्यास तेही निसटू शकतात.

समारोप

शुक्रावर असेच विभवांतर सुमारे १० व्होल्ट असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ऑक्सिजनचे आयनही थेट निसटू शकतात; शुक्रावरील पाणी नाहीसे होण्यात याचा वाटा असावा, असे संशोधकांचे मत आहे. सारांश, एखाद्या ग्रहाचे वातावरण किती काळ टिकेल याचा विचार करताना गुरुत्वाकर्षण व चुंबकीय क्षेत्र यांच्या जोडीला या क्षीण विद्युत क्षेत्राचीही दखल घेणे अगत्याचे ठरते.