जाळीवरची खालची रांग

सकाळी सात. स्टेशनबाहेरच्या पेपरस्टॉलवर गठ्ठे सुटलेले असतात. फळीवर वर्तमानपत्रं, मागे पंचांग, आरतीसंग्रह, पोलीस भरतीचे प्रश्नसंच. बाजूला लोखंडी जाळी पदपथावर पुढे आलेली, आणि तिच्यावर चिमट्यांनी अडकवलेली, प्रौढांसाठीची मासिकं. पारदर्शक पिशवीत, मुखपृष्ठ रस्त्याकडे. जाळीची खालची रांग तिसरी-चौथीतल्या मुलांच्या बरोबर डोळ्यांसमोर येते, आणि शाळेला जायची वाट तीच. आज या जाळीबद्दल महापालिकेला अर्ज द्यायचा म्हणून मी तिचे फोटो काढले. एकाही मुलाचा चेहरा त्यात येऊ दिला नाही.

साडेनऊला सोसायटीच्या ऑफिसात जमलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मसुदा लिहून आणला होता: अश्लील साहित्याच्या विक्रीवर कायमची बंदी घालावी. ते वाक्य काढावं असं मी म्हटलं आणि बराच वेळ त्यावरच गेला. काका चिडले. "म्हणजे तुमचा विरोध नाही?" माझा विरोध आहे, पण बंदीची मागणी करताना मला र. धों. कर्वे आठवतात. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरं देत होते, आणि त्यावरही अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. कुणी काय वाचावं हे वॉर्ड ऑफिसातल्या निरीक्षकाने ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मजकूर अश्लील आहे की नाही, हे कोर्ट ठरवतं. जुन्या दंडसंहितेचं कलम 292 गेलं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 294 आलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला असं काही विकलं तर कलम 295, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे पोलिसांचं काम. महापालिकेच्या हातात आहे तो पदपथ, आणि परवान्यात स्टॉलला दिलेली जागा. तेवढंच मागायचं ठरलं.

मग पलीकडच्या चाळीतली कॉलेजला जाणारी मुलगी बोलली. तिला मासिकांचं काही नव्हतं. "जाळीपाशी जे उभे राहतात ना, त्यांच्यातून जावं लागतं. म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते." काका गप्प झाले. तिचं म्हणणं आम्ही तिच्याच शब्दांत अर्जात पहिलं घेतलं.

साडेअकरा, वॉर्ड ऑफिस, आवक खिडकी. कारकुनाने विषय वाचला. "अश्लील म्हणजे पोलीस स्टेशनला द्या." मी त्याला खालची ओळ दाखवली: परवान्याबाहेर पदपथावर लावलेली जाळी हटवणे. त्याने पुन्हा वाचलं, अतिक्रमण विभागाचं नाव घातलं आणि आमच्या प्रतीवर शिक्का मारून आवक क्रमांक लिहिला. नुसत्या बंदीचा अर्ज असता तर तो खिडकीवरूनच परत आला असता.

अतिक्रमण विभागाचे साहेब भेटले तीननंतर. फोटो नीट पाहिले. म्हणाले, "मॅडम, महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 314 आहे, नोटीस न देता उचलता येतं. स्टॉलच उचलू का?" मी नको म्हटलं. पथविक्रेत्यांच्या पोटापाण्याला संरक्षण देणारा 2014 चा कायदा आहे, आणि तो नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. पाहणीला माणूस पाठवतो, म्हणाले. तारीख दिली नाही.

पोलीस चौकीत दुसरी प्रत दिली. मुलांना विक्री होऊ नये एवढीच समज द्यावी, अशी विनंती.

साडेसहाला स्टॉलवाल्या मामांकडे गेले. अर्ज त्यांनी आमच्याकडून वाचावा, नोटिशीतून त्यांना कळू नये. चष्मा लावून सगळा वाचला. "ताई, पेपर घेणारे किती राहिले? ह्याच्यावर दोन पैसे जास्त सुटतात." खरं आहे. सगळी मुलं मोबाइलवर पाहतात, मग माझ्याच जाळीवर का, हाही त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, मोबाइल घरात असतो, तिथं आईबाप बघतील. हा रस्ता सगळ्यांचा आहे, मामा. मासिकं फळीमागे ठेवा, मागेल त्या मोठ्या माणसाला द्या. थोड्या वेळाने त्यांनी खालची रांग उतरवली. जाळी मात्र काढणार नाही म्हणाले. वह्या आणि कॅलेंडरं तिच्यावरच लटकतात.

जाळीचा प्रश्न म्हणजे अजून बाकी आहे. रात्री सगळ्यांना आवक क्रमांक कळवला. पाहणी झाली नाही तर याच क्रमांकावर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तो मसुदा काका लिहिणार आहेत.