विशीतला खुबा आणि ‘अजून थांबा’ हा सल्ला

सांधा बदलायचा तो साठीनंतर, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की बावीस वर्षांची मुलगी लंगडत दवाखान्यात आली, तरी तिला एकच वाक्य ऐकवलं जातं : वय लहान आहे, थांबा. काही आजारांत हे थांबणंच फार महाग पडतं. असा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेझिया, थोडक्यात पीपीआरडी. साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात तो दिसू लागतो. बोटांचे सांधे जाड होतात, मूल लवकर दमतं, चाल बिघडते. पुढे खुबे, गुडघे आणि मणका आखडत जातात. ऐन कॉलेजच्या वयात खुब्यातली कूर्चा जवळजवळ संपलेली असते.

गैरसमज : हा लहान मुलांचा आमवातच आहे.
बोटं फुगलेली दिसतात म्हणून तसं वाटतं. पण ती दाबून पाहा : टणक लागतात, गरम नसतात. फुगवटा हाडाचा असतो, दाहाचा नाही. म्हणूनच दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या बहुधा नॉर्मल येतात, आणि मणक्याच्या एक्स-रेत चपटे मणके दिसतात. दोष सीसीएन६ या जनुकात असतो. तो १९९९ मध्ये सापडला. तरीही कित्येक मुलांना वर्षानुवर्षं स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट दिलं जातं. त्याने हा आजार थांबत नाही आणि स्टेरॉइडने हाडं मात्र ठिसूळ होतात. उपचारांनी फरक पडत नसेल, तर मणक्याचा एक्स-रे आणि जनुकीय चाचणी यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

गैरसमज : आईच्या गरोदरपणात काही चुकलं.
काहीही चुकलेलं नसतं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के असते. मामाच्या मुलीशी किंवा आत्येभावाशी लग्नाची रीत असलेल्या घरांत ती जुळून येण्याचा संभव वाढतो. दुसऱ्या अपत्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावं. सुनेला बोल लावू नये.

गैरसमज : तरुणपणी सांधा बदलणं म्हणजे चूक.
या समजुतीला एके काळी आधार होता. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ केलेल्या खुब्यात धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरत असे. वाटी झिजे, तिच्या सूक्ष्म कणांमुळे आजूबाजूचं हाड विरे आणि सांधा सैल होई. तरुण माणूस जास्त चालतो, म्हणून झीजही जास्त. १९९०च्या दशकाच्या अखेरीस वाटीसाठी क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन हे नवं प्लॅस्टिक आलं आणि झीज खूपच कमी झाली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या आढाव्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. त्यातले बहुतेक रुग्ण वयस्कर होते, हे लक्षात ठेवायला हवं. विशीत खुबा बदलला तर आयुष्यात पुन्हा एकदा तरी शस्त्रक्रिया लागेल असंच धरून चालावं, आणि डॉक्टरांनी ते आधीच स्पष्ट सांगावं.

पण थांबण्याचाही हिशेब मांडला पाहिजे. खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो, मांडीचे स्नायू बारीक होतात, कंबर आणि गुडघ्यांवर भार येतो. पुढे शस्त्रक्रिया झाली तरी गेलेलं बळ पूर्ण परत येत नाही. शिक्षण सुटतं, नोकरी हुकते. म्हणून हाडांची वाढ पूर्ण झाली की प्रश्न वयाचा राहत नाही. वेदनेने झोप मोडते का, किती चालता येतं, स्वतःची आंघोळ आणि कपडे जमतात का, यावर निर्णय व्हावा.

गैरसमज : त्यापेक्षा हाड कापून सरळ करावं किंवा नुसता वरचा थर बदलावा.
हाड कापून दिशा बदलणं उपयोगी पडतं ते सांध्यात थोडी चांगली कूर्चा शिल्लक असेल तेव्हा. सांधा कायमचा जखडून टाकला तर शेजारचे सांधे धडधाकट हवेत. इथे ते आधीच आखडलेले असतात. वरचा थर बदलण्याच्या पद्धतीत बहुतेकदा धातूवर धातू घासतो. लहान हाडांच्या स्त्रियांत तिचे निकाल वाईट आले, आणि धातूवर धातूचा असाच एएसआर हा सांधा २०१० मध्ये जगभरातून, भारतातूनही, परत घ्यावा लागला. स्टेम सेलच्या इंजेक्शनने संपलेली कूर्चा पुन्हा उगवते, असा पुरावा नाही.

उरतो पूर्ण खुबा बदलणं हा पर्याय, बहुधा सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक्ड वाटी. या रुग्णांची हाडं आखूड, पोकळी अरुंद. त्यामुळे लहान मापाचा सांधा आधीच मागवावा लागतो, कधी खास बनवून घ्यावा लागतो. मान आणि पाठ ताठ असल्याने भूलतज्ज्ञांनाही आधी भेटायला हवं. खुबे आणि गुडघे दोन्ही गेले असतील, तर साधारणपणे खुबे आधी करतात.

गैरसमज : मग मुलगी आई होऊ शकणार नाही.
होऊ शकते. खुबा बदलल्यानंतर नैसर्गिक प्रसूतीही अनेकींची होते. मात्र मूळ आजारामुळे मणका आणि श्रोणी यांचा विचार प्रसूतितज्ज्ञांनी आधीच करावा.

सर्जनला दोन प्रश्न बिनधास्त विचारा : अशा आखूड हाडांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि पुढची दुरुस्ती सोपी जावी म्हणून आज किती हाड राखणार आहात? शस्त्रक्रियेनंतर बसवलेल्या सांध्याचे कंपनी, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर मागून घ्या आणि आयुष्यभर जपून ठेवा. वीस वर्षांनी दुसऱ्या सर्जनला सर्वांत आधी तेच लागतील.